छोट्या धंद्यासाठी फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप सगळीकडे असायलाच हवं का?
नाही, नवं गिऱ्हाईक मिळवायला इन्स्टाग्राम आणि आलेलं टिकवायला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, सुरुवातीला एवढ्यावर भागतं. रील तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांच्याही समोर जाते, म्हणून मेहनत तिथे घ्या. कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही (बरेच जण इथेच फसतात), ती बायोमध्ये (प्रोफाइलवरच्या ओळखीत) द्या. आणि ‘किंमत इनबॉक्समध्ये विचारा’ हे कृपा करून बंद करा. विचारायच्या कंटाळ्याने माणूस पुढे सरकतो. बिझनेस अ‍ॅप फुकट आहे, त्यातल्या कॅटलॉगमध्ये फोटोखाली किंमत टाकता येते. फक्त साध्या ब्रॉडकास्ट लिस्टवर (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) फार विसंबू नका: एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो.