नागपुरात घरबांधणीचा लहान व्यवसाय आहे; मिस्त्री-मजुरांचा हुरूप कसा टिकवायचा?

तुम्ही लिहिलंय की 12-14 माणसं आहेत, दिवाळीला बोनस देता, स्लॅबच्या दिवशी जेवण घालता, तरी चांगले मिस्त्री दोन-तीन महिन्यांत निघून जातात आणि उरलेले कसाबसा दिवस भरतात.

बोनस वाढवण्याआधी साइटवरचा रिकामा वेळ मोजा. मिस्त्री सकाळी थापी घेऊन उभा आणि रेतीची गाडी साडेअकराला, असं आठवड्यातून दोनदा झालं की कोणाचाही हात ढिला पडतो. दोन मिस्त्री दिवसाला साधारण 100 चौरस फूट 9 इंची भिंत उचलतात. तेवढ्याला सुमारे 900 फ्लाय अ‍ॅश विटा, 1:6 मसाल्यासाठी (1 भाग सिमेंट, 6 भाग रेती) 3 बॅगा सिमेंट आणि 20-22 घनफूट रेती लागते. हा माल आदल्या संध्याकाळीच भिंतीजवळ पडलेला हवा, टाकी भरलेली हवी, पहाडाच्या (उंचावर काम करायच्या मचाणाच्या) फळ्या मोजून ठेवलेल्या हव्यात. विटा रस्त्यापलीकडे उतरवल्या तर रेजांचा (बायका मजुरांचा) अर्धा दिवस नुसत्या वाहतुकीत जातो आणि मिस्त्री त्यांच्यावर ओरडतो. भांडणं बहुतेक इथूनच सुरू होतात.

दुसरी गोष्ट, केलेलं काम तोडायला लावणं. मिस्त्रीचं मन यानं जितकं खचतं तितकं कमी पैशानंही खचत नाही, असं माझं ठाम मत आहे. घरमालक भिंत उभी झाल्यावर म्हणतो, खोली फूटभर मोठी करा. म्हणून आधी जमिनीवर चुन्यानं आखणी करा, विटांचा पहिला थर मसाल्याशिवाय मांडा, दारं-खिडक्या दाखवा आणि मालकाची सही घ्या. विजेच्या पाइपांच्या झिऱ्या (भिंतीतल्या खाचा) प्लास्टरच्या आधी मारून घ्या. ताज्या, सरळ प्लास्टरवर छिन्नी चालताना बघणं मिस्त्रीला सहन होत नाही. तरीही तोडावं लागलंच, तर त्या दिवसाची हजेरी, म्हणजे मजुरी, पूर्ण द्या आणि चूक कोणाची होती ते सगळ्यांसमोर सांगा. मिस्त्रीची चूक असेल तर मात्र बाजूला घेऊन बोला, घरमालकासमोर कधीच नाही.

आता पैसा. चुकाऱ्याचा (मजुरी वाटायचा) वार ठरवा आणि तो मोडू नका. घरमालकाचा हप्ता अडकला तरी मजुरी अडकता कामा नये, म्हणून दोन आठवड्यांच्या मजुरीइतकी रक्कम वेगळी ठेवा, तिला सिमेंटसाठीही हात लावू नका. हजेरी रोज संध्याकाळी माणसासमोर वहीत लिहा. उचल दोन आठवड्यांच्या मजुरीपर्यंतच द्या, दर आठवड्याला उचलीचा चौथा भाग कापा, आणि कापलेली रक्कम त्याच वहीत त्याला दाखवा. मोठी उचल देऊन माणूस अडकवून ठेवणं तर कायद्यानंही गुन्हा ठरू शकतं. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं बंद झाली आहे.

बक्षीस द्यायचं तर वेगाचं देऊ नका. प्लास्टरची मजुरी चौरस फुटावर दिली की भिंतीवर नीट पाणी मारणं, जुना मसाला खरवडणं हे आधी सुटतं, आणि महिन्याभरानं ठोकून पाहिलं की पोकळ वाजतं. हजेरी कायम ठेवा आणि वर खोलीमागे ठरावीक रक्कम ठेवा: 6 फुटी पट्टी लावल्यावर फट 3 मिमीपेक्षा जास्त नको, कोपरे गुण्यात (काटकोनात), ठोकल्यावर आवाज भरीव. रक्कम त्याच आठवड्याच्या चुकाऱ्यात द्या आणि प्रत्येकाच्या हातात वेगळी द्या. सगळी मिस्त्रीकडे दिली तर रेजांपर्यंत ती पोहोचेलच असं नाही. सेंट्रिंगला (स्लॅबखालच्या साच्याच्या कामाला) वेगाचं बक्षीस अजिबात नको. 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस ठेवावे लागतात. घाईनं ते आधी निघाले तर जीव जातो.

नागपूरचा उन्हाळा हा वेगळाच प्रश्न. एप्रिल-मेमध्ये सकाळी 6 ते 11 आणि दुपारी 4 ते 7 काम ठेवा, हजेरी पूर्ण धरा. बसायला हिरवी जाळी, प्यायला माठ, आणि 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घातलेलं पाणी. चमचा चहाचाच घ्या, मीठ जास्त झालं तर उलट त्रास होतो. रेजांसाठी दार-कडी असलेला तात्पुरता संडास पहिल्या खड्ड्याबरोबरच उभा करा. तो नसेल तर रेजा दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि मग ऊन लागतं.

ज्याला थापी शिकायची आहे त्याला आवारभिंतीवर रोज तासभर द्या. 10 फूट भिंत ओळंब्यात (सरळ उभी) उचलता आली की हजेरी वाढेल, हे आधीच सांगून ठेवा. रेजांनाही विचारा, शिकायची इच्छा असते, विचारत कोणी नाही. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो मागायची वाट न पाहता द्या. त्यावर मुलांना शिष्यवृत्ती मिळू शकते.

आणि निघून जाणारे सगळे नाराज होऊन जात नाहीत. भंडारा, गोंदिया, बालाघाटकडची माणसं जुलैत धानाच्या रोवणीला आणि दिवाळीच्या आसपास कापणीला जातातच. जूनमध्येच प्रत्येकाला जाण्याची आणि परतीची तारीख विचारून वहीत लिहा, त्या काळात टाइल्स, नळ, रंग अशी स्थानिक कारागिरांची कामं लावा, आणि जाताना त्याचा हिशेब पूर्ण चुकता करा, एक दिवसही राखून न ठेवता.