फ्रंट लोड वॉशिंग मशीनला कुबट वास येतो, टब क्लीन केलं तरी आठवड्यात परत येतो, काय करू?

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात बोअरच्या पाण्यावर मशीन चालतं, वास आला की पावडर जरा जास्त टाकता, शेवटी सुगंधी कंडिशनर पण टाकता, आणि बाजारातली टब क्लीनची पुडी टाकून झाली तरी आठवड्यात परत तेच. माझं सरळ मत सांगतो, पुडीत काही खोट नाहीये, तुमची जास्तीची पावडर आणि कंडिशनरच त्या वासाला पोसतंय. कपड्याचा घाम, अंगाचं तेल, न विरघळलेली पावडर आणि कंडिशनरचा चिकट थर हे सगळं मिळून ड्रमच्या मागच्या बाजूला आणि रबरात एक बुळबुळीत लेप बसतो, त्यात बुरशी आणि जंतू राहतात, तोच वास. वरून सुगंध ओतला की दोन दिवस बरं वाटतं आणि लेप अजून जाड होतो.

मी भुसावळचा. आपल्या भागात ही तक्रार जास्त का, तर नळाला पाणी रोज येत नाही म्हणून निम्मं गाव बोअरवर, आणि ते पाणी जड. जड पाण्यात फेस कमी येतो, बाई माणूस म्हणतं साबण कमी पडला, टाक अजून एक चमचा. आता जड पाण्याला डिटर्जंट थोडं जास्त लागतं हे खरंच आहे, पण फ्रंट लोडमध्ये पाणीच इतकं कमी घेतात की ती जास्तीची पावडर धुवून निघत नाही. त्यापेक्षा किराणा दुकानात धुण्याचा सोडा मिळतो तो एक चमचा कपड्यांसोबत ड्रममध्ये टाका, पाण्यातला चुना तो ओढून घेतो आणि पावडर आहे त्यापेक्षा कमी पुरते. (पापडखार नको, तो पापडालाच ठेवा. आणि रेशमी, लोकरीच्या कपड्यांत सोडा टाकू नका.) पावडर फ्रंट लोडवालीच घ्या, हाताने धुवायची पावडर फार फेसाळते आणि फेसाच्या गादीवर कपडे नुसते लोळतात, आपटत नाहीत.

पावडर की लिक्विड असं पण विचारलंय. लिक्विड छान विरघळतं, पण त्यात ब्लीच नसतं. चांगल्या पावडरींमध्ये बऱ्याचदा ऑक्सिजनवालं ब्लीच असतं आणि जंतूंना तेच मारतं, तेही पाणी गरम असेल तर. म्हणून कायम लिक्विड आणि कायम थंड पाणी अशा घरात वास लवकर धरतो. रोज गरम धुवा असं म्हणत नाहीये, लाईट बिल मला पण येतं. पण टॉवेल, चादरी, पायपुसणी यांचा एक घाणा आठवड्याला ६० डिग्रीवर पावडर टाकून लावा, त्यात मशीन पण आतून धुतलं जातं.

आता साफसफाई. आधी प्लग काढा. दाराच्या रबराची खालची घडी बोटाने ओढून उलटी करा, टॉर्च लावून बघा. बहुतेक तिथं काळपट शेंबडासारखा थर, केसांचा गुंता, एखादी पिन, नाणं आणि हातरुमालाचा लगदा मिळेल. घडीच्या तळाला बारीक भोकं असतात पाणी निथळायला, ती बुजली की तिथं कायम चमचाभर पाणी साचून राहतं, अर्ध्या वासाचं मूळ तेवढंच असतं. जुन्या ब्रशने, साबणाच्या कोमट पाण्याने घासा, कोरड्या फडक्याने पुसा. काळे ठिपके रबराच्या आत मुरलेले असतील तर ते जाणार नाहीत, त्यासाठी रबर ओरबाडू नका, चिकटपणा गेला म्हणजे झालं.

मग खाली उजवीकडे किंवा डावीकडे छोटं झाकण असतं, त्यामागे पंपाचा फिल्टर. खाली परात किंवा ट्रे ठेवा, जुना टॉवेल टाका, कारण दोन-तीन लिटर पाणी भसकन येतं आणि ते जे काय वास मारतं ते तुम्हाला तेव्हाच कळेल. गरम धुणं झाल्या झाल्या उघडू नका, भाजेल. बऱ्याच घरांत मशीन घेतल्यापासून हे झाकण कुणी उघडलेलंच नसतं. पावडरचा खण पण पूर्ण बाहेर निघतो, मधली पट्टी दाबून ओढा, आणि खण जिथं बसतो त्या पोकळीचं छत घासा, बुरशी वर चिकटलेली असते, समोरून दिसत नाही.

हे सगळं झाल्यावरच ड्रम धुवायचा. बोअरचं पाणी आहे म्हणून मी आधी क्षार काढायला सांगेन: लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, साधारण १०० ग्रॅम, रिकाम्या ड्रममध्ये टाकून ६० डिग्रीचा लांब प्रोग्राम. क्षाराचा खडबडीत थर निघाला की चिकटा धरायला जागा राहत नाही. दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनवालं ब्लीच, व्हॅनिश वगैरे येतं ते, किंवा तुमची पुडी, टाकून टब क्लीन लावा. एक गोष्ट नीट वाचा: क्लोरीनचं ब्लीच, म्हणजे रिन आलासारखं, आणि लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर कधीच एकत्र करायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो आणि मशीन असतं बंद बाथरूममध्ये. संडास साफ करायचं ॲसिड पण ड्रममध्ये नको, ड्रमला मागून धरणारा तीन पायांचा सांगाडा बऱ्याच मशीनमध्ये ॲल्युमिनियमचा असतो, तो खाल्ला जातो. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र टाकायचे व्हिडिओ फिरतात ना, फसफसतं छान, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, उरतं जवळपास नुसतं पाणी. आणि दर धुण्याला व्हिनेगर ओतत असाल तर तेही नको, रबराचं आयुष्य कमी होतं.

एवढं करूनही मशीन कोरडं राहिलं नाही तर काही उपयोग नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४४-४५ तापमानात दार उघडं ठेवलं की तासाभरात ड्रम खडखडीत, टाकीतलं पाणीच इतकं तापलेलं येतं की हीटरला कामच नाही, म्हणून उन्हाळ्यात वास येत नाही आणि श्रावण लागला की अख्ख्या गल्लीत एकच चर्चा, कपडास्ले कसाना वास ई राह्यना व. धुणं झालं की दार आणि खण अर्धवट उघडं ठेवा, घरात लहान पोरं असतील तर दोरी बांधून चार बोटं फट ठेवा, आत चढायला जागा नको. रात्री लावून सकाळी काढायची सवय असेल तर ती सोडा, आणि मध्येच लाईट गेली तर ओले कपडे तसेच ठेवू नका, लाईट कधी येईल सांगता येत नाही.

आता दोन गोष्टी ज्या मशीनच्या नसतातच. एक, वास कुबट आहे की गटारीचा? ड्रेनची नळी नहाणीच्या जाळीत कोंबलेली असेल तर गटारीचा वास नळीतून वर येतो. उन्हाळ्यात लोक महिनाभर गावाला जातात, नहाणी ट्रॅपमधलं पाणी, म्हणजे जाळीखाली साचून गटारीचा वास अडवणारं, आटून जातं, मग घर उघडल्यावर मशीनला शिव्या. दोन तांबे पाणी ओता, वास गेला तर मशीनचा दोष नव्हता. नळी पाण्यात बुडलेली पण नको, तिला वरून हवा लागते. दुसरी, उंदीर. शेताला लागून घर असेल तर पावसाळ्यात खालून आत शिरतात, काही मशीनना खाली जाळीच नसते. मेलेल्या उंदराचा वास वेगळा असतो, सांगावा लागत नाही.

मशीन स्वच्छ झालं आणि टॉवेल तरीही ओला झाला की वास मारतो, तर दोष टॉवेलात. धुतलेला टॉवेल बादलीभर कडक गरम पाण्यात टाका आणि हाताने ढवळा, फेस आला तर ती मागच्या सगळ्या धुण्यांची पावडर आहे. तो निघेपर्यंत नुसत्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून धुवा, कंडिशनर टॉवेलला अजिबात नको, त्याने तसंही टॉवेल पाणी टिपत नाही.

सेमी ऑटोमॅटिकवाल्यांना हे सगळं लागू नाही, त्यांनी फक्त धाग्यांची जाळी दर वेळी उलटी करून धुवावी आणि खालची चकती मेकॅनिककडून काढून वर्षातून एकदा साफ करून घ्यावी, तिच्याखाली काय असतं ते न बघितलेलं बरं.

तुमचं वॉरंटीत असेल तर ड्रम खोलायला बाहेरचा माणूस लावू नका. आणि ड्रेनची नळी कुठे सोडलीय ते खाली लिहा, माझा निम्मा संशय तिच्यावरच आहे.