सिंगापूरहून क्रूझवर जाण्याआधी शहरात किती दिवस राहावे आणि हॉटेल कुठे घ्यावे?

तुमच्या प्रश्नात असे म्हटले आहे की वृद्ध आईवडील आणि दोन मुले धरून तुम्ही सहा जण मुंबईहून जाणार आहात, सिंगापूरहून मलेशिया-थायलंडची क्रूझ घेणार आहात, आणि रात्रीच्या विमानाने निघून जहाज सुटण्याच्या दिवशीच सकाळी उतरल्यास एका रात्रीचे हॉटेल वाचेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. हॉटेल वाचेल. तरीही तसे करू नका. किमान एक रात्र आधी पोहोचा, आणि आईवडील बरोबर आहेत म्हणून शक्य असल्यास दोन रात्री आधी. खरे तर एवढ्यावर उत्तर संपायला हवे होते. परंतु ‘एका रात्रीचे हॉटेल वाचते’ हे वाक्य आमच्या कुटुंबात प्रत्येक लग्नकार्यात निघते आणि त्यावर मला अजून एकदाही पूर्ण बोलू दिलेले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

माझे साडू हिशेबाला पक्के आहेत. आम्ही दोन्ही कुटुंबांनी मिळून सासूबाईंना क्रूझवर न्यायचे ठरवले, तेव्हा त्यांनी एका बारशाच्या जेवणानंतर कागदावर सगळे मांडून दाखवले. रात्री साडेअकराला मुंबईहून विमान, सुमारे साडेपाच तासांचा प्रवास, सिंगापूरचे घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे सकाळी साडेसातला उतरायचे; जहाज संध्याकाळी पाचला. मध्ये साडेनऊ तास मोकळे, मग आदल्या रात्रीच्या खोल्यांचे भाडे कशासाठी भरायचे? कागदावर यात काहीही चूक नव्हती. माझे म्हणणे इतकेच होते की या साडेनऊ तासांपैकी आपले तास फार थोडे आहेत. जहाजाची नोंदणी सुटण्याच्या वेळेच्या तास-दीड तास आधी बंद होते, देश सोडायचा असल्याने धक्क्यावर इमिग्रेशन पुन्हा असते, आणि विमानतळावरचे इमिग्रेशन, सामानाचा पट्टा व टॅक्सीची रांग यांचा वेळ त्या कागदावर कुठेच नव्हता. शिवाय सकाळी उतरलेल्या माणसाला दुपारी दोन-तीनपर्यंत बहुतेक हॉटेले खोली देत नाहीत, त्यामुळे रात्रभर बसून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाठ टेकायला जागा नसते. यावर साडूंचे उत्तर होते की मी उगाच घाबरतो. अखेर सासूबाईंना घेऊन आम्ही आधी गेलो आणि ते त्यांच्या कुटुंबासह त्यांच्या विमानाने निघाले.

महिना जुलैचा होता. जुलैत मुंबईहून सुटणाऱ्या विमानावर कोणी किती भरवसा ठेवावा, हे मुंबईकरांना सांगण्याची गरज नाही. पावसाने त्यांचे विमान तीन तासांहून अधिक काळ अडकले, ते अकराच्या सुमारास उतरले आणि त्यांची एक बॅग आलीच नाही. तिची तक्रार नोंदवून बाहेर पडेपर्यंत एक वाजून गेला. त्यानंतर साडूंनी टॅक्सीवाल्याला ‘सिंगापूर क्रूझ सेंटर’ असे सांगितले आणि त्या गृहस्थाने त्यांना अगदी बरोबर सिंगापूर क्रूझ सेंटरला नेऊन सोडले. आमचे जहाज मात्र मरिना बे क्रूझ सेंटरला उभे होते.

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नात हॉटेलची चौकशी आहे, पण धक्क्याचा उल्लेखच नाही. सिंगापूरला क्रूझ जहाजांसाठी दोन निरनिराळी टर्मिनल आहेत. एक हार्बरफ्रंटला, सेंटोसा बेटासमोर, विवोसिटी मॉलला लागून. त्याचेच नाव सिंगापूर क्रूझ सेंटर, आणि तेथूनच इंडोनेशियाच्या बाताम बेटाकडे जाणाऱ्या फेरी बोटीही सुटतात. सेंटोसाला जाणाऱ्या केबल कारमुळे तेथे जहाजाच्या उंचीवर मर्यादा येते, त्यामुळे फार मोठ्या जहाजांसाठी दुसरे टर्मिनल बांधून २०१२ मध्ये सुरू करण्यात आले, ते मरिना बे क्रूझ सेंटर. याशिवाय मरिना बे नावाचे मेट्रो स्थानक वेगळे, त्याच नावाने सुरू होणारे ते प्रसिद्ध तीन मनोऱ्यांचे हॉटेल वेगळे, आणि छोट्या बोटींचा मरिना साउथ पिअर वेगळा. तिकिटावर टर्मिनलचे पूर्ण नाव छापलेले असते. ते अक्षरशः वाचून दाखवावे, अंदाजाने सांगू नये.

हार्बरफ्रंटला साडू आणि त्यांचे कुटुंब बातामच्या फेरीच्या रांगेत बराच वेळ उभे होते. तेवढ्या वेळात इकडे आमच्यावर निराळाच प्रसंग आला. आम्ही दुपारी बारालाच टर्मिनलवर पोहोचलो होतो, मोठ्या बॅगा हमालांच्या ताब्यात दिल्या होत्या, पण सासूबाईंनी काउंटरकडे जायला साफ नकार दिला. “दोन्ही मुली बरोबर असल्याशिवाय मी जहाजावर पाय ठेवणार नाही,” असे म्हणून त्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. काउंटरवरची मुलगी येऊन नम्रपणे विचारून गेली, थोड्या वेळाने पुन्हा आली, आणि प्रत्येक वेळी सासूबाईंनी तिला मराठीत तेच उत्तर दिले. मेहुणीचा फोन लागत नव्हता, कारण रोमिंगचा पॅक फक्त साडूंनी घेतला होता आणि साडू फोन उचलत नव्हते. माझी पत्नी काचेच्या दारापाशी उभी होती आणि मी मनात हिशेब करत होतो की जहाज सुटलेच तर या लोकांना स्वखर्चाने विमानाने मलेशियातल्या पेनांगला जाऊन ते गाठावे लागेल, तेसुद्धा कंपनीने परवानगी दिली तर.

नोंदणी बंद होण्याच्या बेतात ते सगळे धावत आले. मेहुणीच्या डोळ्यांत पाणी होते, मुलांनी विमानातल्या बिस्किटांशिवाय काहीही खाल्ले नव्हते, आणि साडूंनी आल्या आल्या मला काय ऐकवले असेल? “पोहोचलो ना? मग?”

हेच ते वाक्य, ज्याचा मला आजही राग येतो. त्या दिवसापासून ही हकिगत पराक्रम म्हणून सांगितली जाते आणि तिचा शेवट नेहमी हॉटेलचे पैसे वाचल्यावर होतो. राहिलेली बॅग त्यांना परतीच्या दिवशी विमानतळावर मिळाली, मधल्या काळात चौघांचे कपडे जहाजावरच्या दुकानातून घ्यावे लागले, आणि त्या दुकानाचे भाव ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. ती रक्कम मात्र त्यांच्या हिशेबात आजवर आलेली नाही. सगळे काही वेळेवर घडले तरच जी योजना पार पडते, ती एखादा माणूस धापा टाकत पोहोचला म्हणून शहाणपणाची ठरत नाही. विमान उशिरा आले तर विमान कंपनी पुढच्या विमानात बसवते. जहाज कोणासाठीही थांबत नाही. आधीच्या रात्रीचे भाडे हा चैनीचा खर्च नसून विम्याचा हप्ता आहे, एवढे एक मान्य केले की बाकीचा वाद उरत नाही.

आता हॉटेलविषयी. प्रथम टर्मिनल पाहा आणि मग मेट्रोचा नकाशा. माझ्या मते लिटल इंडिया किंवा फॅरर पार्क या स्थानकांच्या आसपास राहणे तुमच्यासारख्या कुटुंबाला सर्वांत सोयीचे. ही दोन्ही स्थानके जांभळ्या नॉर्थ ईस्ट मार्गावर आहेत. त्या मार्गाचे एक टोक थेट हार्बरफ्रंट, आणि मरिना बे क्रूझ सेंटरला जायचे असल्यास धोबी घाट स्थानकावर लाल मार्गाची गाडी पकडून टर्मिनलला सर्वांत जवळच्या, शेवटच्या मरिना साउथ पिअर स्थानकापर्यंत जाता येते. अर्थात सहा जणांचे सामान असताना त्या दिवशी मेट्रोचा विचार करू नका, मोठी टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवा, मेट्रो फिरण्यासाठी. सेरंगून रोडवर शाकाहारी जेवण पावलोपावली मिळते, १९४७ पासूनचे कोमला विलास तेथेच आहे, आणि आईवडिलांना परक्या शहरात पहिल्याच दिवशी सांबार-भात मिळाला की निम्मी चिंता मिटते. मरिना बेच्या आलिशान हॉटेलात क्रूझच्या आधी राहणे मला निव्वळ उधळपट्टी वाटते, कारण जहाजावर तुम्ही तेच सुख विकत घेतलेले असते. सेंटोसावरही आधी राहू नका. तेथे गेले की मुले बाहेर पडायला तयार होत नाहीत.

कागदपत्रांत दोन गोष्टींकडे लक्ष द्या. क्रूझ परदेशी बंदराला जाऊन परत येते तेव्हा तुम्ही सिंगापुरात नव्याने प्रवेश करता, म्हणून व्हिसावर एकाहून अधिक प्रवेशांची मुभा असली पाहिजे. तसेच सिंगापूरचे अरायव्हल कार्ड उतरण्यापूर्वी, उतरण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचे असते, आणि क्रूझहून परतताना ते पुन्हा भरावे लागते. ते सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या पानावर तुम्ही चुकीच्या ठिकाणी आहात असे समजा. मलेशिया व थायलंडचे नियम बदलत राहतात, ते क्रूझ कंपनीकडून लेखी मागवून घ्या.

सामानाविषयी आपल्या लोकांना हमखास ठाऊक नसणारी बाब म्हणजे खसखस. सिंगापुरात खसखशीवर बंदी आहे, त्यामुळे आईंनी प्रेमाने केलेले अनारसे घरीच ठेवा. गुटखा, जर्दा, खैनी आणि ई-सिगारेट यांवरही बंदी आहे, आणि च्युइंग गमवर तर १९९२ पासून. वडिलांना तंबाखूची सवय असल्यास हा विषय निघण्यापूर्वीच मिटवा. विजेची किटली आणि इस्त्री बहुतेक जहाजांवर तपासणीत काढून घेतात. मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधे, पासपोर्ट आणि प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा.

काय पाहावे, याबद्दल माझे मत असे की क्रूझच्या आधी जवळजवळ काहीच पाहू नये. पहिल्या संध्याकाळी गार्डन्स बाय द बे येथे जा. तेथील उंच कृत्रिम वृक्षांवरचा दिव्यांचा खेळ पावणेआठ आणि पावणेनऊ असा दोनदा होतो आणि त्याला तिकीट नाही. धोबी घाटला गाडी बदलताना वेळ असेल, तर स्थानकाशेजारच्या कॅथे इमारतीचा जुना दर्शनी भाग मुलांना जरूर दाखवा. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा तेथील सभागृहात केली होती, आणि आपले पर्यटक मर्लायनच्या, म्हणजे सिंहाचे तोंड आणि माशाचे धड असलेल्या पुतळ्याच्या, समोर शंभर छायाचित्रे काढून या इमारतीवरून न बघता निघून जातात. प्राणिसंग्रहालय, नाइट सफारी, सेंटोसा हे सगळे क्रूझनंतरच्या दिवसांत घ्या, कारण तेव्हा उशीर झाला तरी काही सुटत नाही.

काही अपवाद सांगायचे राहिले. तुम्ही हिवाळ्यात जात असाल तर मुंबईचा पाऊस आड येणार नाही, आणि विमानाचे तिकीट क्रूझ कंपनीनेच पॅकेजमध्ये दिले असेल तर उशीर झाल्यास त्यांची काही जबाबदारी असते का, हे करारात पाहून ठरवता येईल. सप्टेंबर-ऑक्टोबरात मरिना बेच्या रस्त्यांवर फॉर्म्युला वनची रात्रीची शर्यत भरते; त्या आठवड्यात रस्ते बंद होतात आणि हॉटेलांचे दर इतके चढतात की माझ्या साडूंचे म्हणणे मलाही क्षणभर पटेल, म्हणून तारखा आधीच तपासा. परतीचे विमान जहाज लागण्याच्याच दिवशी घेणार असाल तर दुपारनंतरचे घ्या. जहाज सकाळी लागले तरी सहा जणांना सामानासह बाहेर पडायला दहा-साडेदहा सहज होतात.