कमरेचा पट्टा नंतर बघू, आधी फोनवरचे प्रश्न बदला

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नाशिकच्या सिडकोत जुने सोफे, कपाटं, मशीनं उचलून न्यायचं काम नुकतंच सुरू केलंय, एक छोटा हत्ती टेम्पो आणि तीन पोरं आहेत, त्यातल्या एकाच्या कमरेत उसण भरली. आता सगळ्यांना कमरेचे पट्टे घ्यावेत का, आणि घ्यायचे तर कुठले?

आधी त्या पोराचं बघा. नुसती उसण असेल तर एक-दोन दिवस जड काम बंद ठेवा, थोडं चालणं-फिरणं सुरू राहू द्या. आठवडाभर झोपवून ठेवलं तर कंबर आणखी आखडते. मात्र पायाला मुंग्या येत असतील, पाय लुळा पडल्यासारखा वाटत असेल किंवा लघवीचा ताबा जात असेल, तर मालीशवाल्याकडे न नेता थेट इस्पितळ गाठा. तिथे तास महत्त्वाचे असतात.

आता पट्टा. हवा तर घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या नायॉश या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने १९९४ सालीच सांगितलं होतं, की धडधाकट माणसाची कंबर पट्ट्यामुळे वाचते याला पुरेसा पुरावा नाही. २००० साली दुकानांत माल चढवणाऱ्या हजारो कामगारांची मोठी पाहणी झाली, तिच्यातही फरक आढळला नाही. माझं मत विचाराल तर पट्टा बांधला की पोरांना उगाच चेव येतो आणि दोघांचं वजन एकटा उचलायला जातो.

त्याच संस्थेच्या हिशोबात एका माणसाने उचलायचं वजन २३ किलो धरलंय, तेही सगळं सोयीचं असताना: वस्तू अंगाला लागून, साधारण कमरेच्या उंचीवर, धरायला चांगली जागा, अंगाला पीळ नाही. आपल्या कामात यातलं काय मिळतं? फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या पोटात काँक्रीटचा ठोकळा असतो, ते सहज साठ-सत्तर किलो भरतं आणि धरायला कडा नाही. मोठी इन्व्हर्टर बॅटरी पन्नासच्या पुढे, आत ॲसिड, आणि ठेवलेली असते ती नेमकी माळ्यावर नाहीतर जिन्याखाली.

म्हणून मी म्हणतो की कंबर जाणार की राहणार हे बरंचसं फोनवर भाव ठरतानाच ठरतं. "काका, एक कपाट आहे, किती घ्याल?" याला लगेच आकडा सांगितलात, की मग तीन मजल्यांचा अरुंद जिना पोरांच्या अंगावर येतो आणि तुम्ही "चला रे, पटकन" म्हणता. आधी विचारा: कितवा मजला, लिफ्ट आहे का, जिन्याच्या वळणाचा फोटो पाठवा, कपाट रिकामं आहे का. (रिकामं आहे असं सांगतात आणि लॉकरमध्ये आजीची पितळी भांडी निघतात. जाऊन उघडून बघाच.) मजल्यामागे वेगळा दर लावा. सिडकोत वाढवलेल्या मजल्यांना बाहेरून चढवलेले गोल लोखंडी जिने आहेत, तिथून अख्खं कपाट उतरतच नाही. दोन तास झुंजल्यावर ते कळण्यापेक्षा फोटोत कळलेलं बरं.

आणि एक गोष्ट नवीन माणूस विसरतो. पॅकर्स-मूव्हर्सवाल्याला वस्तू शाबूत पोचवायची असते, तुम्हाला टाकाऊ माल काढायचा आहे. मग तो जागेवरच का सोडवू नये? कपाटाची दारं, कप्पे, ड्रॉवर आधी वेगळे करा. प्लायचा पलंग स्क्रू काढून फळ्या-फळ्या करून खाली न्या. अख्खं कपाट अंबड लिंक रोडकडे जुना माल घेणाऱ्यांकडे जास्त भावाने जातं, मला माहीत आहे. त्या जास्तीच्या पैशासाठी चौथा माणूस लावायची तयारी असेल तरच तो मोह धरा.

सोडवतानाही डोळे उघडे हवेत. हायड्रॉलिक पलंगाची गादी उचलली की गॅसच्या पंपांवरचं वजन जातं आणि झाकण फाडकन वर येतं. झाकण आधी पूर्ण उघडा, कुणीतरी धरून ठेवा, मग पंप काढा. ड्रेसिंग टेबलाच्या आरशावर आडवी-उभी चिकटपट्टी मारा. काच फुटायची ती फुटेलच, पण तुकडे खाली सांडत नाहीत. फ्रिजची नळी तांब्यासाठी तोडू देऊ नका. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये पेट घेणारा गॅस असतो. मायक्रोवेव्ह आणि एसीच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठलेली राहते, तेव्हा ते उघडायचेच नाहीत. जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे असतील तर बहुतेक ॲस्बेस्टॉसचे. ते पाण्याने भिजवा, न फोडता, न कापता अख्खे उतरवा आणि सगळ्यांच्या तोंडाला पी-१०० दर्जाचा मास्क, साधा एन-९५ या धुळीला पुरत नाही. त्या धुळीचा आजार वीस-तीस वर्षांनी उगवतो, त्यामुळे आज कुणालाच गांभीर्य वाटत नाही.

जिन्यात उंच वस्तू उतरवताना खालच्या माणसावर जास्त भार येतो आणि सटकली तर तीही त्याच्याच अंगावर. वरून दोघांनी जाड पट्ट्याने ओढून धरायचं, खालच्याने फक्त दिशा द्यायची, तीही बाजूने. बोलणारा एकच. चार जण एकदम "उचल, थांब, डावीकडे" ओरडले की बोटं चेमटलीच म्हणून समजा. गॅलरीतून दोर सोडून उतरवायचं काम मी घेत नाही. कठडा किती जुना आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि सिडकोत काही गल्ल्यांत विजेच्या तारा गॅलरीपासून हातभरावर आहेत. ग्राहक चिडतो, चिडू दे.

भद्रकाली-पंचवटीतल्या जुन्या वाड्यांचं काम आलं तर भाव ठरवण्याआधी स्वतः चक्कर मारा. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, दारावर ती दिसली तर माळ्यावर कुणाला चढवू नका. लाकडांच्या ढिगात विंचू आणि उंदरांच्या लेंड्या ठरलेल्या. ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा, कोरडं झाडू नका, पाणी शिंपडा. पावसाळ्यात अशा कामानंतर पोराला ताप आला तर डॉक्टरांना "उंदरांच्या घाणीत काम केलं होतं" हे आवर्जून सांगा, म्हणजे त्यांना लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, विचार करता येतो.

पट्ट्यांचे पैसे बुटांत घाला. पोरं स्लिपरवर येतात आणि फळीचा खिळा आरपार जातो. पुढे लोखंडी टोपी आणि तळाला खिळा न घुसणारा पत्रा असलेले बूट, पकड राहील असे हातमोजे, दोन मोठ्या चाकांची ट्रॉली आणि माल आवळून बांधायचे तीन-चार रॅचेट पट्टे, इतकी सुरुवात पुरे. टेम्पोत फळ्या चढवताना खिळे ठोकून आडवे करा. धनुर्वाताचं इंजेक्शन प्रत्येकाने कधी घेतलं ते वहीत लिहून ठेवा. जखम घाणेरडी असेल आणि पाच वर्षं उलटली असतील तर डॉक्टर परत देतात.

मालाच्या वर पोरांना बसवून नेऊ नका. माल टेम्पोबाहेर आला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड वीस हजारांचा आहे, म्हणजे कितीतरी दिवसांची कमाई गेली.

विम्याचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. कामावर दुखापत झाली तर भरपाई मालकाने द्यायची हे १९२३ च्या कायद्यापासून चालत आलंय, "रोजंदारीची पोरं आहेत" म्हणून सुटका होत नाही. त्यासाठीची पॉलिसी विमा कंपन्या देतात, तीन माणसांसाठी किती पडते ते विचारून घ्या. तोवर निदान तिघांच्या बँक खात्यांवर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करा. वर्षाला २० रुपये हप्ता, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः असेल तर १ लाख. खात्यातून पैसे आपोआप कापले जातात, फक्त मेअखेर खात्यात तेवढी शिल्लक आहे ना, ते बघायला सांगा.