चॅप्टर केसचा कागद आलाय, सही करून मोकळं व्हायचं का?

एका ताईंनी व्हॉइस मेसेज पाठवलाय, थोडक्यात असा: "वकीलसाहेब, आम्ही पारधी, आमचा बेडा गावाच्या बाहेर आहे. मागच्या महिन्यात गावातल्या तीन विहिरींवरची मोटारपंपाची केबल चोरीला गेली, दुसऱ्या दिवशी सकाळीच माह्या नवऱ्याले पोलीस घेऊन गेले. दोन रात्री ठाण्यात ठेवलं, कुठं लिहिलं नाही, मग सोडून दिलं. गाडी न् मोबाईल तिथंच आहे. आता दर बाजाराच्या दिवशी हजेरीले बोलावतात. वरून तहसीलमधून कागद आला, त्यावर 129 लिहिलंय, तीन वर्षांचा बॉंड न् दोन जामीनदार मागतात. आधी एक केस होती त्यात तो सुटला. लोक म्हणतात सही करून टाका, मोकळे व्हा. काय करू?"

ताई, पहिले सही थांबवा. तहसीलच्या गेटवर जे लोक बॉंड टाईप करून देतात त्यांना तुमच्या नवऱ्याचं काही पडलेलं नाही, त्यांचे पैसे मिळाले की झालं.

तुमच्याकडं आलेला कागद चोरीच्या केसचा नाही, याला आपल्याकडं चॅप्टर केस म्हणतात. नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 129, जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) हेच 110 होतं. यात केबल कोणी चोरली हे ठरत नाही. सरकार फक्त एवढंच म्हणतं की हा माणूस सवयीनं चोऱ्या करणारा आहे, म्हणून पुढं नीट वागेन असं लिहून द्या. तुम्ही सही केली की ते न भांडता मान्य केल्यासारखं होतं. मग तीन वर्षांत कशाततरी नाव आलं न् शिक्षा लागली तर बॉंडचे पैसे भरायची पाळी वेगळी, आणि पुढच्या प्रत्येक कागदावर 'यापूर्वी प्रतिबंधक कारवाई झालेली आहे' ही ओळ चिकटते ती चिकटतेच. मोकळं व्हायला सही करणारे असे चार-पाच वर्षांनी जाडजूड फाईल घेऊन माझ्याकडं येतात.

आता यातली खरी गोम सांगतो. याच संहितेच्या 135 व्या कलमात लिहिलंय की माणूस सराईत आहे हे 'सर्वसाधारण लौकिका'वरूनही सिद्ध करता येतं. म्हणजे गावात नाव कसं आहे, चार लोक काय म्हणतात, तेही पुरावा. पाटलाच्या पोराच्या बाबतीत ठीक आहे हो, पण बेड्यावरच्या माणसाचं नाव गावात कसं असणार? ते नाव त्यानं कमावलेलं नाही, कागदावर लिहून दिलेलं आहे. 1871 ला इंग्रजांनी क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट केला, अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार म्हणून रजिस्टरात चढवल्या, हजेरी द्यायची, पास असल्याशिवाय हलायचं नाही, आणि जमातीचं नाव यादीत टाकलं की ते बरोबर की चूक हे कोर्टानंही विचारायचं नाही. 1911 ला कायदा आणखी कडक करून देशभर लावायची सोय केली. यादीत पारधीही होते. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे राज्यांनी आणले, आपल्याकडं 1959 चा मुंबईचा आहे. यादी गेली, सवय राहिली. सवय कोणाची ते तुम्हीच समजा.

म्हणून बाजाराच्या दिवसाची हजेरी बंद करा. कोर्टाचा किंवा कायद्यानं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश असल्याशिवाय अशी हजेरी लावायचा अधिकार कोणत्याच ठाण्याला नाही. फक्त एक लक्षात ठेवा, तपासासाठी याच संहितेच्या कलम 35(3) ची किंवा साक्षीसाठी 179 ची लेखी नोटीस आली तर जावंच लागतं, न गेल्यास उलट आपण अडकतो. तोंडी निरोपावर मात्र जायचं नाही.

तारखेच्या दिवशी वकील घेऊनच जा. पैशाचं टेन्शन घेऊ नका, अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं नाहीतर 15100 वर फोन करा. वकिलाला सांगा पहिले कलम 130 चा आदेश बघायला. त्यात काय माहिती मिळाली, किती रकमेचा बॉंड, किती मुदत, किती जामीनदार हे सगळं लिहिलेलं पाहिजे आणि त्याची कॉपी समन्ससोबत पाहिजे. नुसतं 'सराईत आहे, लोक घाबरतात' असं छापील असेल तर तिथंच लेखी हरकत घ्यायची. मग आधीच्या केसमध्ये सुटल्याच्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल लावा, हा सगळ्यात वजनदार कागद आहे, कारण एक संशय आणि एक निर्दोष निकाल मिळून सवय होत नाही. ज्यांच्याकडं तो कापूस वेचायला, तुरी कापायला जातो त्यातला एखादा शेतकरी साक्षीला आला तर फारच चांगलं, लौकिक लौकिक म्हणतात ना, मग आपलाही लौकिक दाखवू. चौकशी सहा महिन्यांत संपली नाही तर साधारणपणे ती आपोआप बंद पडते, वाढवायची तर खास कारण लिहावं लागतं, त्यामुळं तारखा देऊन-देऊन तहसीलदारच लांबवत असतील तर आपण चिडायचं कारण नाही. आदेश विरुद्ध गेलाच तर सेशन कोर्टात अपील आहे.

जामीनदाराचं म्हणाल तर ते सातबारावाला मागतात, आणि बेड्यावर सातबारा कोणाकडं असतो बाप्पा.

गाडी आणि मोबाईलसाठी जप्तीचा पंचनामा मागा. जप्त केलं असेल तर मॅजिस्ट्रेटला कळवायला पाहिजे होतं, आणि संहितेच्या कलम 503 खाली गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, सोडवता येते. गाड्या ठाण्याच्या अंगणात सडवू नका असं सुप्रीम कोर्टानं 2002 लाच सांगितलंय. पंचनामाच नसेल तर लेखी तक्रार एसपी साहेबांकडं, पोच घेऊन.

दोन रात्रींचं प्रकरण हलकं घेऊ नका. अटक केली तर कारण सांगायचं, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्यायचं, हे संविधानातच आहे, आणि घरच्यांना कळवायचं हे कायद्यात आहे. आजच अर्ज द्या की अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतचं ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालानुसार रेकॉर्डिंग कमीतकमी वर्षभर ठेवायचं असतं, पण 'कॅमेरा बंद होता' हे उत्तर यायच्या आधी आपला अर्ज त्यांच्या टेबलावर पाहिजे. सोबत सुप्रीम कोर्टाचाच 3 ऑक्टोबर 2024 चा सुकन्या शांता केसचा निकाल जोडा, त्यात विमुक्त जमातीच्या, म्हणजे इंग्रजांच्या त्या यादीतून सुटलेल्या जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये यासाठी अटकेचे नियम पाळा असं पोलिसांना स्पष्ट बजावलंय.

अट्रॉसिटीचं तुम्ही विचारलं नाही, पण बेड्यावर कोणीतरी सांगेलच. खोटी कारवाई मागं लावली तर अट्रॉसिटी कायद्याचं कलम 3(1)(p) बसू शकतं, नाही असं नाही. पण माझं मत असं की आधी चॅप्टर केस निपटवा, फुटेज आणि कागद हातात घ्या, नाहीतर नुसत्या रागात दिलेली तक्रार तीच पोलीस यंत्रणा तपासणार. आणि त्यासाठी नवऱ्याचा जातीचा दाखला लागतो. 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागतात म्हणून बरेच जण हात टेकतात, तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या कोतवाल बुकाची नक्कल मागून बघा, सासऱ्यांच्या किंवा त्यांच्या वडिलांच्या जन्माची नोंद जातीसकट सापडते कधीकधी. इंग्रजांच्या वेळचंच रजिस्टर, पण हे आपल्या कामाचं.

तारखेला सकाळी अकराच्या आत पोचा, दोघंही जा, आणि साहेब दौऱ्यावर असले तरी हजर असल्याची नोंद रोजनाम्यात घेतल्याशिवाय परत निघू नका.