‘तुम्ही भाडेकरू, तुम्हाला काय पडलंय?’: सभेतले तर्कदोष कसे ओळखायचे

इंदिरानगरच्या तुमच्या सोसायटीत गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये जिरवायचा प्रस्ताव तुम्ही मांडलात आणि तीन उत्तरं मिळाली. "तुम्ही भाडेकरू, तुम्हाला काय पडलंय?", "म्हणजे नळ बंद करून आम्ही बोअरचं पाणी प्यायचं?" आणि "आज पाइप, उद्या मेंटेनन्स दुप्पट." यांत चूक कुठे हे जागच्या जागी कसं ओळखायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

सगळ्यात घातक दुसरं उत्तर. नळ बंद करा असं तुम्ही म्हणालाच नव्हता. तुमचं म्हणणं बाजूला सारून त्याजागी खोडायला सोपं असं भलतंच म्हणणं उभं केलं गेलं. अशा वेळी आपण नेमका त्याचाच बचाव करायला लागतो, "अहो, बोअरचं पाणीही चांगलं असतं..." आणि सभा हातातून जाते. तिथे एवढंच म्हणा, "माझा प्रस्ताव पुन्हा एकदा वाचून दाखवा." त्यासाठी तो आधी लेखी दिलेला हवा.

भाडेकरूला सभेत मतदानाचा हक्क नसतो, त्यामुळे मतापुरता तो आक्षेप बरोबरच आहे. पण पाणी जिरेल की नाही, हे फ्लॅट कुणाच्या नावावर आहे यावर ठरत नाही. तिसऱ्याला पाइपपासून दुप्पट मेंटेनन्सपर्यंतच्या मधल्या पायऱ्या विचारा. आकडे दिले तर शंका रास्त, नाहीतर नुसती भीती.

याहून चकवणारा दोष द्राक्षपट्ट्यात दिसतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की डाऊनी हा द्राक्षवेलीवरचा रोग बागायतदारांची झोप उडवतो. मग कुणी सांगतं, "हे औषध मारलं आणि आठवड्यात डाऊनी थांबला." पण त्याच आठवड्यात आभाळ उघडलेलं असतं, पानं कोरडी राहिलेली असतात, आणि हा रोग फैलावायला पानावर ओल लागते. औषध लागू पडलंही असेल. पण न फवारलेल्या शेजारच्या बागेत तेव्हा काय झालं, हे पाहिल्याशिवाय श्रेय कुणाचं ते कळणार कसं?

तर्कशास्त्रावरच्या गौतमाच्या न्यायसूत्रांत पाच हेत्वाभास, म्हणजे वरवर खरी वाटणारी पण फसवी कारणं, सांगितलेत. त्यांतला पहिला, सव्यभिचार, मला फार मोलाचा वाटतो. कारण हजर असूनही निष्कर्ष खोटा ठरला असं एक उदाहरण सापडलं, की त्या कारणावर विसंबता येत नाही. तेच औषध मारूनही भर पावसात डाऊनी वाढलेली बाग शोधायची, ती याच कसोटीसाठी.

मात्र कुणाचा युक्तिवाद फसवा निघाला म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. मेंटेनन्स खरंच वाढू शकतो. त्यामुळे सभेत दोषाचं नाव घेऊन कुणाला गप्प करू नका. माणूस दुखावतो आणि पाण्याचा विषय राहूनच जातो. पुढच्या वेळी हिशोब घेऊन जा. एक चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, म्हणजे ३०० चौरस मीटरवर १० मिलिमीटर पडला की जवळपास ३,००० लिटर. सोबत पाइप आणि फिल्टरची दोन कोटेशनं ठेवा, आणि फ्लॅटमागे किती रुपये येतात ते पहिल्याच वाक्यात सांगा.