काकांचं 70 किट्सचं कलेक्शन घ्यायला एफडी मोडू का?

नमस्कार नाशिककर,

मेल निवांत वाचला, सोबतची किट्सची यादी पण बघितली. वाचणाऱ्यांसाठी आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. वय 38, घरात बायको, आठवीतली मुलगी आणि ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमान कारखान्यातून, रिटायर झालेले 71 वर्षांचे वडील. हातात पगार 88 हजार. ओळखीतले एक काका गेल्या वर्षी गेले, त्यांची न बांधलेली 70 प्लास्टिक मॉडेल किट्स (विमानं, रणगाडे वगैरेंचे सुटे भाग जोडून रंगवायचे डबे) घरात पडून आहेत आणि काकूंना आता ती काढून टाकायचीत, सगळी मिळून 2 लाख 10 हजार, सुटी विकणार नाही असं त्यांचा मुलगा म्हणतोय. तुमचा प्लॅन असा की 4 लाखांची एफडी मोडायची, 35 किट्स स्वतःला ठेवायची, उरलेली 35 पाच-पाच हजाराला विकून 1 लाख 75 हजार परत आणायचे, म्हणजे 35 किट्स फक्त 35 हजारात पडली. वहिनी म्हणाल्या आधी कुणाला तरी विचारा, म्हणून मला विचारताय.

तर लॉट घेऊ नका. किट्स घ्या, हवं तर रंग फवारायचा कॉम्प्रेसर घ्या, त्याला माझी काहीच हरकत नाही, पण एफडी मोडून 70 डबे घरात आणणं नको. का ते सांगतो, आणि हे छंद न कळणाऱ्या माणसाचं प्रवचन समजू नका, मी स्वतः 1/72 वाला आहे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याची मॉडेल्स बांधणारा, भाग चिकटवायच्या सिमेंटच्या वासाने मला पण बरं वाटतं.

सगळ्यात आधी तुमचीच यादी बघा. मी तिचे चार भाग केले. टॅमिया, एडुआर्ड वगैरे कंपन्यांची नव्या साच्यातली, कुणीही बघताक्षणी उचलेल अशी 18. बरी पण कुठेही मिळतात अशी 30. ऐंशी-नव्वदच्या दशकातले जुने डबे 12. आणि पाकीट फोडलेली किंवा अर्धवट सुरू केलेली 10. आता तुम्ही ज्यांच्यापुढे 'ठेवणार' असं लिहिलंय ती वाचा. 18 च्या 18 त्यात आहेत! म्हणजे जी झटकन विकली जातील ती तुम्ही ठेवणार, आणि जी तुम्हालाच नकोत ती दुसऱ्याने 5 हजाराला घ्यावीत अशी अपेक्षा. घेणारे पण तुमच्यासारखेच आहेत ओ, त्यांनाही डोळे आहेत. आपल्याकडे हे सर्कल किती छोटं आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, दोन-चार व्हॉट्सअॅप ग्रुप आणि तीच ती माणसं.

तुमच्या 'विकणार' वाल्या 35 ला मी सरासरी 1,800 धरतो आणि तेही सगळी गेली तर. 63 हजार झाले. 2 लाख 10 हजारातून वजा केले तर राहिले 1 लाख 47 हजार, भागिले 35, म्हणजे एक किट 4,200 ला पडलं. एवढ्यात तुम्ही हवं ते किट निवडून नवीन कोरं घेऊ शकता, आणि इथे तर त्या 35 मधली 17 तुम्ही नुसती 'असू दे' म्हणून ठेवताय.

त्यात कुरियरचा खर्च धरलेलाच नाही. कुरियरवाले खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यातलं जे जास्त असेल ते लावतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले साधारण 5000. 1/32 चा एखादा मोठा डबा 60 बाय 40 बाय 12 चा धरा, आत दोन किलो पण प्लास्टिक नसतं पण पैसे पावणेसहा किलोचे लागतात. वर बबल रॅप, बाहेरचा खोका, आणि कोपरा चेपला म्हणून घेणाऱ्याची कटकट. ही सगळी कामं करणार कधी? रविवारीच ना? म्हणजे किट बांधायच्या वेळात.

आणि वेळ, खरी अडचण तिथेच आहे तुमची, पैशात नाहीच. रविवारचे चार तास आणि मधल्या एक-दोन रात्री, वर्षाला पाच किट्स पूर्ण होतात असं तुम्हीच लिहिलंय. घरात आधीच 23 न उघडलेली आहेत, म्हणजे साडेचार वर्षांचं काम आजच पडून आहे. त्यात 35 टाकली की झाली 58, पाचाने भागा, पन्नाशीपर्यंत एकही नवीन डबा घ्यायची गरज नाही. पण तुम्ही घेणार नाही का? घेणारच. पुढच्या महिन्यात कुणीतरी एखादं विमान नव्याने काढणार आणि तुमचा हात मोबाईलकडे जाणारच, हा स्वभाव आहे आपला.

आता तुमचं आवडतं वाक्य, 'किट्सची किंमत वाढतच जाते, सोन्यासारखी'. मिग-21 चं उदाहरण पण दिलंत. 1963 ला हवाई दलात आलेलं विमान 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला निरोप घेऊन गेलं, आता त्याची किट्स महागणार. भावना समजते, वडिलांनी ओझरला त्याच विमानांवर हात काळे केलेत. पण जगात 11 हजारांहून जास्त बनलेलं विमान आहे हे, एकट्या एचएएलने साडेसहाशेच्या वर बनवली, त्यामुळे त्याचं किट काढायला कंपन्यांची रांग असते. एडुआर्डने 1/48 मध्ये काढलं, पुढे 1/72 मध्ये पण काढलं, अॅकॅडमी, ट्रम्पेटर, झ्वेझ्दा आहेतच. आणि किटचा साचा स्टीलचा असतो, कंपनीकडे पडून असतो, मागणी दिसली की त्याच साच्यातून परत माल काढतात, नवीन डबा, नवीन डेकल शीट (मॉडेलवर पाण्याने चिकटवायची चिन्हं-नंबर), झालं. सोन्याची खाण अशी बटण दाबून चालू होत नाही. नाहीतर दुसरी कंपनी त्याहून भारी साचा आणते. टॅमियाने 2021 ला 1/48 मध्ये एफ-4बी फॅन्टम नव्याने काढलं, त्यानंतर त्याच विमानाच्या जुन्या किटला जास्त पैसे कोण देणार? घेतलाच तर स्वस्तात मिळतोय म्हणून घेईल.

आयात ड्युटी वाढल्याने किट्स महागली हा मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे, अर्धा. स्केल मॉडेल्स कस्टम्सच्या लेखी खेळण्यांच्याच हेडिंगमध्ये येतात, 9503. 2020 च्या बजेटमध्ये खेळण्यांची ड्युटी 20 वरून 60 टक्के झाली, 2023 ला 70. त्यामुळे आधी देशात आलेल्या डब्यांना भाव आला हे खरंय. पण जो भाव एका बजेटने चढला तो दुसऱ्या बजेटने उतरू पण शकतो, त्याच्या भरवशावर 2 लाख अडकवायचे नसतात.

शिवाय माल जुना होतो. काकांकडे ते डबे कुठे होते विचारलंत का? माळ्यावर असतील तर नीट बघा. डेकल पिवळी पडतात, थोडी पिवळी असतील तर झिप पाकिटात घालून खिडकीच्या काचेला उन्हात चिकटवून काहीजण परत पांढरी करतात, पण चिरा गेल्या असतील तर पाण्यात टाकल्यावर तुकडे होतात. मऊ रबरी टायर किंवा रणगाड्याचे व्हिनाइल ट्रॅक प्लास्टिकला चिकटून राहिले असतील तर तिथलं प्लास्टिक वितळल्यासारखं होतं. कॅनोपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेच्या, पारदर्शक भागांना ओरखडे आहेत का, पाकीट सीलबंद आहे का, सूचनांचा कागद आहे का. मेलमध्ये यातलं एकही वाक्य नाही, फक्त डब्यांचे फोटो आहेत, तेही लांबून काढलेले.

आता एफडी. ईएमआय 27,500, घरखर्च 42 हजार, म्हणजे महिन्याला साडेएकोणसत्तर हजार काहीही झालं तरी लागतात. सहा महिन्यांचे होतात 4 लाख 17 हजार. तुमची 4 लाखांची एफडी म्हणजे जेमतेम तेवढीच आहे, जास्तीची अजिबात नाही. 2 लाख 10 हजार काढले तर राहतात 1 लाख 90 हजार, पावणेतीन महिने. घरात 71 वर्षांचा माणूस आणि तुम्ही प्रायव्हेट नोकरीत, हे गणित वहिनींना बरोबर कळलंय, म्हणून त्या नाही म्हणतायत, छंदाला नाही म्हणत नाहीयेत. वर मोडताना अर्धा-एक टक्का व्याज कापतील, पण ते किरकोळ आहे.

एसआयपीचे 10 हजार गेल्यावर तुमच्याकडे 8,500 उरतात, त्यातले 2,400 कार्डाच्या ईएमआयवर, मागच्या वेळी घेतलेल्या किट्स आणि टूल्सचे. नो कॉस्ट ईएमआय म्हणून घेतलेत ना? त्यात व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी लागतो, बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी पण असते, आणि रोख घेतलं असतं तर जो डिस्काउंट मिळाला असता तो गेलेला असतो. स्टेटमेंट काढून बघा एकदा. तो संपेपर्यंत कार्डावर नवीन डबा नको.

तर करायचं काय. महिन्याला 3 हजार छंदासाठी वेगळ्या सेव्हिंग अकाउंटला टाका आणि त्याचा हिशोब कुणालाही देऊ नका, वहिनींनाही नाही. वर्षाचे 36 हजार होतात, पाच किट्स बांधणाऱ्याला रंगांसकट चिक्कार झाले. फक्त एक अट, एक पूर्ण बांधलं तरच एक नवीन घ्यायचं. पूर्ण म्हणजे डेकल लावून, वॉर्निश मारून शेल्फवर गेलेलं, 'फक्त वेदरिंग (वापरलेलं, मळलेलं दिसावं म्हणूनचं रंगकाम) राहिलंय' हे धरायचं नाही.

आणि पहिले पैसे किट्सवर घालू नका. तुम्ही अजून स्प्रे कॅन वापरताय, तेही बंद बाल्कनीत, मुलीची अभ्यासाची खोली शेजारी. टँकवाला कॉम्प्रेसर, 0.3 मिमी नोझलची डबल अॅक्शन एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन), खिडकीबाहेर पाइप जाणारा स्प्रे बूथ आणि रंगाची वाफ अडवणारा ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क, साधा कापडी नाही, हे सगळं 30 हजारांच्या आसपास बसवता येतं. हा खर्च मला पटतो, कारण आहेत त्याच 23 किट्सचा दर्जा वाढेल आणि घरातल्यांच्या नाकाला त्रास कमी होईल. दिवाळी बोनसमधून घ्या, एफडीतून नको. लॅकर रंग मारायचा असेल तर पावसाळ्यात जपून, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, मग थिनरच्या नावाने बोटं मोडायची.

पुढे ऑर्डरवर मॉडेल्स बांधून देऊन पैसे काढेन असं पण लिहिलंय. एका मॉडेलचे 12 हजार मिळाले, किट, रंग, मास्किंगच्या पट्ट्या वगैरे 5 हजार गेले, 40 तास लागले, तासाला 175 रुपये. करा हौसेने, उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवा, पण त्याच्या जिवावर आज उधळू नका.

काकूंचं काय? घासाघीस करून लॉट 1 लाख 20 ला पाडा असं मी सांगणार नाही, त्या बाईला काय कशाचं किती येतं हे माहीत नाही आणि तुम्हाला माहीत आहे. उलट त्यांच्या मुलाला सांगा की लॉट म्हणून विकलात तर कुणीतरी व्यापारी पाडून मागेल, सुटी विकली तर जास्त येतील, मी यादी करून देतो, फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो. प्रत्येक किट केवढ्याला गेलं हे एका शीटवर लिहा, पैसे थेट काकूंच्या खात्यात जाऊ द्या, आणि मेहनतीच्या बदल्यात तुम्ही आधी निवडलेली पाच-सहा किट्स घ्या, कुठली ते आधीच ठरवून, व्हॉट्सअॅपवर लिहून. रविवार याने पण जातील, माहितीये, पण एक पैसा न गुंतवता. जमत नसेल तर सरळ आठ किट्स प्रत्येकी 4 हजाराला विचारा, 32 हजार, छंदाच्या अकाउंटमधून, जमतील तसे हप्त्यांत. त्यात ते एडुआर्डचं मिग-21 पहिलं घ्या, भाव न करता, वडिलांना शेजारी बसवून बांधा, कॉकपिटचा रंग चुकला तर ते सांगतीलच. मुलगा लॉटवरच अडून बसला तर नमस्कार करून निघा, असे लॉट परत येतात.

शेवटचं, मेलमध्ये एका ओळीत लिहिलंय की इन्शुरन्स ऑफिसचा आहे. ऑफिसचा म्हणजे नोकरी आहे तोवरचा. 38 व्या वर्षी, लोन डोक्यावर आणि मुलगी आठवीत असताना स्वतःचा टर्म प्लॅन हवा, निदान 1 कोटीचा, आणि वडिलांचा मेडिक्लेम ऑफिसच्या पॉलिसीत आहे की वेगळा ते पण कळवा. दोन-तीन कंपन्यांचे कोटेशन काढून मला पाठवा, कॉम्प्रेसरच्या आधी तो प्रीमियम बसवू.